फाटा आणि क्रॉस

शास्त्रपाठ : लूक 9:18-26, इफिसकरांस 2:11-18, 1 योहान 3:11-18



पाळकीय सेवेतून निवृत्त झाल्यापासून वर्षातील काही महिने मी बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम येथे मुलाकडे असतो. गेल्या लेंतकाळाच्या पहिल्या आठवड्यातील एका संध्याकाळी माझी नात वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. शाळेत बाईंनी इंग्रजीचा गृहपाठ दिला होता. रोजच्या वापरातील एखादा सोपा शब्द घ्यावा आणि त्याचे जितके अर्थ सापडतील तितके लिहून आणावेत, असा तो गृहपाठ. ती म्हणाली, "आजोबा, मी 'क्रॉस' हा शब्द घेतला आहे. तुम्ही उपदेशात तो नेहमी वापरता ना? मग तुम्हीच अर्थ सांगा."

मला वाटले, हे तर माझेच क्षेत्र! पण तिला माझ्या मदतीची फारशी गरज नव्हती. 'क्रॉस' म्हणजे प्रभू येशूचा वधस्तंभ, हा पहिला अर्थ तिने माझ्या समाधानासाठी लिहिला आणि मग तिची पेन्सिल भराभर चालू लागली. बाई चुकलेल्या उत्तरावर मारतात ती फुली, म्हणजे क्रॉस. रस्ता ओलांडणे, म्हणजे क्रॉस करणे. आपल्या घराच्या पत्त्यात येतो तो क्रॉस. रेल्वेचे क्रॉसिंग. बाबा चेकच्या कोपऱ्यात दोन रेघा मारतात, तो क्रॉस केलेला चेक. रुग्णवाहिकेवरचा रेड क्रॉस. वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, तीही क्रॉस. मी तिला संकरित गाईची आठवण करून दिली. आमच्याकडे दुधाचा धंदा करणारे शेतकरी तिला 'क्रॉस'च म्हणतात. असे नऊ अर्थ झाले. दहावा अर्थ तिला कोशात सापडला आणि त्यावरून तिने मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने त्या रात्री मला झोप लागू दिली नाही. तो दहावा अर्थ मी शेवटी सांगेन. आधी वाटेतील काही अर्थांपाशी आपण मनन करण्यासाठी थांबू या.

शब्द झिजतो

ज्या शब्दाला दहा अर्थ असतात, त्याच्या मूळ अर्थाची धार बोथट होण्याचा धोका असतो. 'क्रॉस' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा उच्चारही रोमी नागरिकाच्या कानी पडू नये, असे प्रभू येशूच्या काही दशके आधी होऊन गेलेल्या सिसेरो या रोमी वक्त्याचे मत होते. इतकी ती शिक्षा किळसवाणी होती. ती गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेली होती. आज तोच शब्द दागिन्यांच्या दुकानात सोन्याच्या भावाने विकला जातो.

आपल्या भाषेने मात्र एक उपकार केला आहे. वसईच्या आणि मुंबईच्या कॅथॉलिक बांधवांच्या बोलण्यात 'क्रूस' हा शब्द रुळला. हिंदी पवित्र शास्त्रातही 'क्रूस' आहे. येथे के. आर. पुरमला शेजारच्या कन्नड उपासनेत 'शिलुबे' आणि तमिळ उपासनेत 'सिलुवै' ऐकू येते. हे शब्द सुरियानी ख्रिस्ती परंपरेतील शब्दाशी नाते सांगतात. आपल्या मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराने मात्र उसना शब्द न घेता 'वधस्तंभ' म्हटले. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील 'स्टाउरोस' या शब्दाचा अर्थही आधी उभा रोवलेला खांब असाच आहे. 'वधस्तंभ' म्हणताना आपल्याला वध टाळता येत नाही. त्या शब्दाचे लॉकेट होत नाही. ज्या खांबावर माणसाला मारतात, तो खांब. आणि त्यावर मारला गेलेला माझा प्रभू. मराठीत वधस्तंभाची गोष्ट सांगणाऱ्याला एवढे तरी सांगावेच लागते.

फुली आणि दोन रेघा

आता नातीच्या वहीकडे वळू. चुकलेल्या उत्तरावर फुली मारलेली वही घरी आणताना मुलाचे पाऊल जड होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. माणसाच्या जीवनाची वहीही अशीच फुल्यांनी भरलेली असते. काही फुल्या इतरांना दिसतात, काही फक्त आपल्याला ठाऊक असतात आणि काही केवळ देवाला.

पण फुलीचा आणखी एक उपयोग आहे. गावातल्या वाण्याकडे आपल्या नावाची उधारी वहीत लिहिलेली असते. ती फिटली की वाणी त्या पानावर आडवीतिडवी काट मारतो. तीही फुलीच; पण ती पाहून मन हलके होते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल नेमके हेच चित्र उभे करतो. आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख देवाने पुसून टाकला आणि वधस्तंभाला खिळून टाकला, असे तो सांगतो. येथे एकाच शब्दातील दोन अर्थ एकमेकांना भेटतात. माझ्या चुकांवरची फुली आणि माझ्या कर्जावरची फुली यांच्यामध्ये ख्रिस्ताचा वधस्तंभ उभा आहे. ज्याच्या उत्तरपत्रिकेत एकही चूक नव्हती, त्याने माझ्या फुल्या आपल्या अंगावर घेतल्या, म्हणून माझ्या उधारीच्या पानावर काट बसली.

चेकवरच्या दोन रेघाही याच संदर्भात ध्यानात घेण्याजोग्या आहेत. आपल्या देशात 1881 च्या कायद्याने अशा दोन समांतर तिरप्या रेघांना अर्थ दिला आहे. रेघा नसलेला चेक घेऊन कोणीही बँकेच्या खिडकीशी जाऊन रोख पैसे मागू शकतो. रेघा मारल्या की पैसे खिडकीवर मिळत नाहीत. ते बँकेमार्फत खात्यातच जमा व्हावे लागतात. देवाची कृपाही अशीच आहे. ती जाता जाता खिडकीवरून उचलायची रोख रक्कम नाही. ती आपल्या नावाच्या खात्यात, म्हणजे आपल्या जीवनात, जमा व्हावी लागते. आणि जे जमा झाले ते जमाखर्चात दिसलेच पाहिजे. मला क्षमा मिळाली आहे, असे मी चाळीस वर्षे सांगत आलो. पण माझ्या खात्यातून दुसऱ्याला किती क्षमा दिली गेली? हा हिशेब उत्तम शुक्रवारच्या लांबलचक उपदेशांनी पुरा होत नाही.

आडवे लाकूड

बंगळूरमध्ये नवख्या माणसाला प्रथम गोंधळात टाकतात ते येथील पत्ते. लांब, मुख्य रस्ता तो 'मेन' आणि त्याला काटकोनात छेदणारा आडवा रस्ता तो 'क्रॉस'. प्रत्येक वसाहतीला तिचे स्वतःचे पहिला, दुसरा, तिसरा असे मेन आणि क्रॉस असतात. त्यामुळे नुसते "तिसऱ्या क्रॉसला राहतो" म्हणून भागत नाही. पहिल्याच वर्षी मी दूध आणायला निघालो आणि भलत्याच वसाहतीच्या तिसऱ्या क्रॉसवर जाऊन भलत्याच घराची घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या तमिळ भगिनीने माझा घामेजलेला चेहरा पाहून आधी पाणी दिले आणि मग पत्ता विचारला.

या रस्त्यांच्या मागे एक इतिहास आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली तो बंगळूरला पोहोचला. दाटीच्या जुन्या पेठेतून लोकांना मोकळ्या हवेत नेता यावे म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या वसाहती वाढल्या. तेथील सरळ मेन आणि आडवे क्रॉस आजही तसेच आहेत. त्याच प्लेगच्या दिवसांत मुंबईत वांद्रे, गिरगाव अशा भागांतील कॅथॉलिक वस्त्यांमध्ये लोकांनी गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून साथ टळावी म्हणून प्रार्थना केल्या. एकाच साथीने एका शहराला क्रूस दिले आणि दुसऱ्या शहराला क्रॉस दिले.

आणि त्याच साथीत पुण्याजवळ काय घडले, तेही आपण विसरू नये. सावित्रीबाई फुले यांनी प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्याच रोगाची लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या मरण पावल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांना आपल्या यादीत ओढून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण वधस्तंभ उचलणे म्हणजे काय, हे उपदेशकाने सांगण्यापूर्वी ते कोणी करून दाखवले, हे प्रामाणिकपणे पाहण्यास काय हरकत आहे? त्यांच्या पाठीवर लाकूड नव्हते, माणूस होता.

आता लूक 9:23 पाहा. माझ्यामागे यायचे असेल तर स्वतःला नाकारावे, आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे यावे, या अर्थाचे प्रभूचे बोलणे मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. पण 'दररोज' हा शब्द एकट्या लूकने जपला आहे. हुतात्म्याचा वधस्तंभ आयुष्यात एकदाच येतो. लूकचा वधस्तंभ रोज सकाळी दाराशी उभा असतो.

आणि उचलायचे ते काय? रोमी शिक्षेची रीत बहुधा अशी होती की उभा खांब वधाच्या जागी रोवलेला असे आणि दोषी ठरलेल्या माणसाच्या खांद्यावर आडवे लाकूड देऊन त्याला तेथवर चालवत नेत. प्रभू थकला तेव्हा शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला सैनिकांनी वेठीस धरले आणि ते ओझे त्याच्यावर लादले. त्याने ते आपणहून घेतले नव्हते. पण मार्क त्याच्या मुलांची नावे, आलेक्सांद्र व रूफ, अशा ओळखीने सांगतो की पुढे ते कुटुंब मंडळीच्या परिचयाचे झाले असावे, असे वाटते. नकोसे असलेले ओझे उचलूनही माणूस ख्रिस्ताच्या मागे चालू लागू शकतो, ही आपल्यासारख्यांसाठी मोठी आशा आहे.

प्रियजनहो, या आडव्या लाकडावर थोडे थांबा. उभा खांब पृथ्वीतून आकाशाकडे जातो. देवाशी झालेला समेट ही त्याची दिशा, आणि तो खांब देवानेच रोवला आहे. आपल्याला तो रोवायचा नाही, उचलायचाही नाही. आपल्या खांद्यावर येते ते आडवे लाकूड. ते वर जात नाही. ते डावीकडे आणि उजवीकडे जाते. एका बाजूला घरचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला शेजारी. देवाकडे हात जोडणे मला नेहमीच सोपे गेले. हात बाजूला पसरणे मात्र जड गेले. बंगळूरच्या भाषेत सांगायचे तर माझा 'मेन' रस्ता रुंद आणि स्वच्छ होता. 'क्रॉस' मात्र मी बंद करून टाकला होता.

के. आर. पुरमच्या शेजारी दूरवाणीनगर आहे. 'दूरवाणी' म्हणजे टेलिफोन. 1948 साली येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना सुरू झाला आणि देशातील कित्येक घरांत वाजणारे काळे टेलिफोन येथूनच गेले. इलेक्ट्रॉनिक केंद्रे येण्यापूर्वी टेलिफोन केंद्रांसाठी 'क्रॉसबार' नावाची यंत्रणाही येथे तयार होत असे. त्या यंत्रणेत काही पट्ट्या उभ्या असतात आणि काही आडव्या. उभी आणि आडवी पट्टी ज्या बिंदूवर एकमेकींना छेदते, तेथेच जोडणी होते आणि दूरच्या दोन माणसांचा आवाज एकमेकांना पोहोचतो. नुसत्या उभ्या पट्ट्या कितीही चकचकीत असल्या तरी संभाषण होत नाही. मंडळीतील कित्येक मुकी घरे मला आठवतात. तेथे दोन्ही बाजूंना प्रार्थना होती, पवित्र शास्त्र होते, दशमांश होता. नव्हती ती फक्त आडवी पट्टी.

ओलांडणे

'क्रॉस' या शब्दाचा क्रियापद म्हणून अर्थ आहे ओलांडणे. आणि येथे पवित्र शास्त्र आपल्याला सावध करते, कारण ओलांडण्याचेही दोन प्रकार आहेत.

लूकच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या उतरणीवर एक माणूस अर्धमेला पडलेला आहे. याजक येतो, त्याला पाहतो आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवीही तसेच करतो. दोघांनीही रस्ता ओलांडला, पण जखमी माणसापासून दूर जाण्यासाठी! शोमरोनीही ओलांडतो, यहूदी आणि शोमरोनी यांच्यातील शेकडो वर्षांचे वैर ओलांडून तो त्याच्याजवळ जातो. रस्ता एकच, ओलांडणेही एकच, फक्त दिशा वेगळी. नावडता माणूस समोरून येताना दिसला की पलीकडच्या कडेने जाणे आपल्यालाही चांगले जमते. कोणाच्या लग्नात जायचे नाही, कोणाच्या मर्तिकाला दुरूनच उभे राहायचे, प्रभुभोजनाच्या रांगेत कोणाच्या शेजारी गुडघे टेकायचे नाहीत, हे सर्व आपण न बोलता ठरवलेले असते.

यरुशलेमेच्या मंदिरात एक आडभिंत होती. परराष्ट्रीयाने ती ओलांडली तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार राहील, अशा ताकिदीचा ग्रीक शिलालेख 1871 साली यरुशलेमेत सापडला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आडभिंत पाडल्याचे बोलतो, तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अशी दगडी भिंत उभी राहते. ख्रिस्ताने ती पाडली आणि दोघांना वधस्तंभाच्या द्वारे एका शरीरात देवाशी समेटात आणले, असे तो सांगतो. ध्यानात घ्या, त्याने दोघांना वेगवेगळे आणले नाही, एकत्र आणले.

के. आर. पुरमच्या रेल्वे स्थानकाजवळ हे मला रोज दिसते. बंगळूरहून जोलारपेट्टैकडे जाणारा हा लोहमार्ग 1864 सालापासूनचा आहे. गाड्या सतत येत-जात असतात. रूळ ओलांडू नयेत, तो गुन्हा आहे आणि त्यात मृत्यू आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तरी घाईतली माणसे ओलांडतातच. त्याच रुळांच्या वरून एक पूल गेलेला आहे. 2003 साली तो खुला झाला. लोक त्याला 'हँगिंग ब्रिज' म्हणतात. उंच स्तंभापासून निघालेल्या जाड तारांनी पुलाचा भार तोलून धरला आहे. 2023 पासून शेजारून मेट्रोही व्हाइटफील्डकडे धावू लागली आहे. संध्याकाळी फिरायला गेलो की मी तेथे थोडा वेळ उभा राहतो. खाली मृत्यूची वाट आणि वर सुखरूप जाणारी माणसे. आणि ती सुखरूप जातात ती कोणाच्या बळावर? उंच उभ्या राहिलेल्या, आपल्या अंगावर सर्व ताण घेणाऱ्या स्तंभाच्या.

एका संध्याकाळी तेथे उभा असताना माझ्या लक्षात आले की नातीच्या वहीतले दोन अर्थ वेगळे नाहीतच. क्रॉस म्हणजे स्तंभ आणि क्रॉस म्हणजे ओलांडणे. स्तंभ आहे म्हणूनच ओलांडता येते. जर कोणी ओलांडणारच नसेल, तर एवढा भार सोसणारा स्तंभ उभा कशासाठी? योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगतो. आपण मरणातून जीवनात पार गेलो आहोत हे आपल्याला कशावरून कळते? आपल्या पाठांतरावरून नव्हे, पदावरून नव्हे. आपण बंधूंवर प्रीती करतो, यावरून. आणि लगेच तो कठोरपणे बजावतो की जो प्रीती करत नाही तो अजून मरणातच आहे, म्हणजे पुलाच्या अलीकडेच उभा आहे.

दहावा अर्थ

आता तो राहिलेला अर्थ. इंग्रजीत 'क्रॉस' म्हणजे रागावलेला, मनात अढी धरलेला. नातीने तो वहीत उतरवला, पेन्सिल खाली ठेवली आणि सहज विचारले, "आजोबा, तुम्ही मोठ्या आजोबांवर क्रॉस आहात ना? म्हणून आपण त्यांच्याकडे जात नाही ना?"

मोठे आजोबा म्हणजे माझे थोरले बंधू. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांच्या पश्चात घराची वाटणी झाली. विहिरीकडची खोली कोणाची, एवढ्याच गोष्टीवरून बोलणे वाढले. दादांचेही काही चुकले असेल. पण अंगणातून भिंत घालावी, हा आग्रह माझा होता. पाळक होतो मी! भिंत पाडणाऱ्या ख्रिस्ताचे शुभवर्तमान सांगण्यासाठी हात ठेवून मला नेमले होते. आणि मी स्वतः गवंड्याला विटा मोजून दिल्या. त्याला अकरा वर्षे झाली. त्या अकरा वर्षांत मी वधस्तंभावर किती उपदेश केले, याची गणती नाही. वधस्तंभाचे दहा अर्थ मी मंडळीला सांगू शकलो असतो. माझ्या नातीला मात्र माझ्या जीवनात त्याचा एकच अर्थ दिसला, आणि तो दहावा होता.

मी तिला काहीच उत्तर दिले नाही. रात्री पडल्या पडल्या एक जुनी गोष्ट आठवली. आमच्याकडे मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वाट वळते त्या जागेला 'फाटा' म्हणतात. एस.टी.चा कंडक्टर फाट्यावर उतरवून देतो. कर्नाटकात शिरले की तशाच जागेला 'क्रॉस' म्हणतात. अमुक गावचा क्रॉस, तमुक गावचा क्रॉस. जागा तीच, दोन वाटा त्याच. आपण म्हणतो, येथे रस्ता फाटला. ते म्हणतात, येथे रस्ते भेटले. माझ्या आणि दादांच्या मध्ये जी जागा होती, तिला अकरा वर्षे मी फाटा म्हणत आलो होतो. तिचे नाव बदलणे माझ्या हाती नव्हते. पण ज्याने कालवरीवर आकाश आणि पृथ्वी यांच्यातला फाटा स्वतःच्या देहावर घेऊन त्याचा क्रॉस केला, त्याच्या हाती ते होते. आणि त्याने मला त्यासाठी फार मोठे काही सांगितले नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगितले तेवढेच : अर्पण वेदीपुढे राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. भाऊ येईल तेव्हा पाहू, असे तेथे लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादांना फोन केला. तो क्रमांक फिरवताना बोट जितके जड झाले, तितके कोणत्याही व्यासपीठाची पायरी चढताना पाऊल जड झाले नव्हते. वहिनींनी उचलला. माझा आवाज ओळखून त्या गप्प झाल्या. मग दादा आले. मी म्हणालो, "दादा, माझे चुकले. ती भिंत मी घालायला नको होती." पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटले, फोन ठेवला. मग दादांचा आवाज आला, "जेवलास का?"

एवढेच. आमच्या घरात क्षमेसाठी याहून मोठा शब्द वापरण्याची रीत नाही.

भिंत अजून उभी आहे. तिच्यात दार पाडावे की ती सगळीच उतरवावी, हे दोघांनी बसून ठरवायचे आहे. विहिरीकडच्या खोलीचा प्रश्नही एका फोनने सुटलेला नाही. सुट्टी लागली की नातीला घेऊन मी गावी जाणार आहे. आडवे लाकूड एकदा उचलून ठेवून देण्याची वस्तू नाही. म्हणून तर लूकने 'दररोज' लिहिले.

वाचकहो, आपल्या शेजारी, आपल्या भावकीत, आपल्या मंडळीत, कदाचित आपल्या एकाच छपराखाली, अशी एखादी जागा असेल जिला आपण वर्षानुवर्षे फाटा म्हणत आलो आहोत. आपण वधस्तंभाविषयी पुष्कळ वाचले आहे, गाइले आहे, भिंतीवर त्याचे चित्रही टांगले आहे. या लेंतकाळात त्याचा आणखी एखादा अर्थ शिकण्याऐवजी त्यावरून एकदा पलीकडे जाऊन पाहू या. घरातील लहान मुले आपला शब्दकोश वाचत नाहीत. ती आपल्याला वाचतात. त्यांच्या वहीत या शब्दापुढे आपल्या नावाने कोणता अर्थ लिहिला जाईल?

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, तुझ्या पुत्राच्या वधस्तंभाने तू आमच्या ऋणावर काट मारलीस आणि आम्हाला तुझ्याजवळ येण्याची वाट खुली केलीस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आम्ही घातलेल्या भिंतींची आम्हाला लाज वाटू दे. आमच्या खांद्यावरचे आडवे लाकूड आम्ही टाकून देऊ नये, म्हणून आम्हाला बळ दे. ज्या भावाकडे, ज्या बहिणीकडे जायचे आम्ही टाळले, तिकडे आजच आमचे पाऊल वळव. जेथे आम्ही फाटा पाहिला, तेथे तू क्रॉस उभा कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.